आवड की अर्थार्जन?

पदवीला मुख्य विषय कोणता घ्यावा, हा आमच्या वडगावात केवळ आवडीचा प्रश्न नसतो. ज्याचे घर मागावर चालते, त्याच्या लेखी तीन वर्षांची फी म्हणजे भांडवलच. मग "यात नोकरी मिळेल का?" असे वडिलांनी विचारले, तर त्यात गैर ते काय?

अर्थशास्त्रात 'संधी-खर्च' अशी एक कल्पना आहे. एक वस्तू निवडताना जी दुसरी सोडावी लागते, ती पहिलीची खरी किंमत. तेव्हा आवडीचा विषय घेताना आपण नेमके काय सोडतो, ते आधी पाहावे. डॉक्टर वा इंजिनिअर व्हायचे तर तोच अभ्यासक्रम हवा. परंतु बँकांच्या भरतीला आणि केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. आयोगाच्या मुख्य परीक्षेत मराठी किंवा कन्नड साहित्य हा वैकल्पिक विषयही घेता येतो. अशा नोकरीसाठी आवड मारण्याचे कारणच उरत नाही.

दुसरी बाजू गिरीश कार्नाडांची. ओढ साहित्याची, पण शिष्यवृत्तीसाठी भरघोस गुण हवेत म्हणून त्यांनी धारवाडला गणित व संख्याशास्त्र घेतले. १९५८ साली पदवी, पुढे ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्ड, आणि १९६१ साली 'ययाति' हे कन्नड नाटक. वर्गातला विषय बदलला, ओढ सुटली नाही.

मी वाणिज्य शाखा घेतली ती पोटासाठी. दोन्ही भाषांतले वाचन मात्र रोज रात्री चालू असते. मित्रहो, अर्ज भरण्यापूर्वी हा हिशेब कागदावर मांडा आणि घरी वडीलधाऱ्यांनाही दाखवा.