पत्राचा शेवट

मजकूर लिहून झाला, खाली नाव घातले, की पत्र संपले, असे पुष्कळांस वाटते. परंतु नावाच्या आधी येणारे दोनचार शब्द लहान दिसले, तरी त्यांच्यावर मोठे काम सोपविलेले असते. पत्र कोठे संपले, हे ते सांगतात; आणि लिहिणारा व वाचणारा यांचे नाते काय, हेही तेच सांगतात.

यांपैकी पहिल्या कामाचे महत्त्व आपल्या पूर्वजांनी चांगले ओळखले होते. शिवाजी महाराजांच्या पत्राच्या माथ्यावर राजमुद्रा असे, आणि मजकूर जेथे संपे तेथे 'मर्यादेयं विराजते' ही लहान मुद्रा उमटविली जाई. 'येथे पत्राची मर्यादा शोभते आहे' असा तिचा अर्थ. एखाद्या लबाडाने 'आणखी दहा बिघे जमीन द्यावी' अशी ओळ मागाहून घुसडली, तर केवढा अनर्थ होईल! मुद्रा उमटली, की खाली अक्षर वाढविण्यास वाव उरत नसे. शेवटच्या या शिक्क्यास 'मोर्तब' म्हणत. एखादी गोष्ट कायम झाली म्हणजे तिच्यावर 'शिक्कामोर्तब झाले' असे आपण आजही म्हणतो, ते यावरूनच.

दुसरे काम नात्याचे. मराठेशाहीत हाताखालच्या माणसास पाठविलेले आज्ञापत्र 'जाणिजे' या शब्दाने संपे. पण मानाच्या माणसास लिहिताना 'बहुत काय लिहिणे?' असे म्हणून लोभाची विनंती करीत. घरगुती पत्रांतही असाच विवेक असे. वडिलांस 'तीर्थरूप' आणि 'शिरसाष्टांग नमस्कार', धाकट्या भावंडास 'चिरंजीव' आणि 'अनेक आशीर्वाद', स्नेह्यास 'कळावे, लोभ असावा, ही विनंती'. आरंभ व शेवट यांचा मेळ बसावा लागतो. माथ्यावर 'तीर्थरूप' लिहून खाली आशीर्वाद देणारा मुलगा हास्यास पात्र होईल! प्रसंगाचे भानही हवे. ज्या घरी नुकतेच दुःख झाले, तेथे नेहमीचे 'लोभ असावा' बरे दिसत नाही. 'आपल्या दुःखात सहभागी' हेच शब्द तेथे शोभतात.

नांदेड व लातूर हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. लोक घरी मराठी बोलत. दरबारचा कारभार मात्र उर्दूत चाले. उर्दू अर्जाच्या शेवटी अर्जदार आपणास 'फिदवी' म्हणवी. फिदवी म्हणजे धन्यावरून जीव ओवाळून टाकणारा चाकर. इंग्रजी अमलातील मुलखातही निराळा प्रकार नव्हता. तेथील अर्जदार साहेबाचा 'अत्यंत आज्ञाधारक सेवक' होई. पुढे १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला, १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी ही राज्यकारभाराची भाषा ठरली. आज नांदेडचा शेतकरी जिल्हाधिकाऱ्यांस अर्ज करतो, तेव्हा शेवटी 'आपला विश्वासू' किंवा 'आपला नम्र' एवढेच लिहितो. नम्रता राहिली, दास्य गेले. दोन शब्दांत केवढे हे स्थित्यंतर!

काटकसरीमुळेही शेवट बदलतो. तारेत शब्दांच्या संख्येवर पैसे पडत; म्हणून तिच्यात नमस्कार-चमत्कारास जागा नसे. २०१३ साली आपल्या देशातील तारसेवा बंद झाली. आता भ्रमणध्वनीवरील संदेशास शब्दागणिक पैसे पडत नाहीत, तरी माणसे तारेसारखेच तुटक लिहितात. मित्रामित्रांत ते चालते. परंतु मुख्याध्यापकांस ई-मेल लिहिताना 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी', खाली पूर्ण नाव, इयत्ता व तुकडी लिहिणे अवश्य आहे. नाहीतर पत्र कोणाचे, हेच त्यांस उमगणार नाही.

समजा, कंधार तालुक्यातील एक मुलगा शिक्षणासाठी लातूरच्या वसतिगृहात राहतो. वडील रात्री संदेश पाठवितात, 'जेवलास का? पैसे पाठविले आहेत.' मुलगा उत्तर देतो, 'मिळाले.' उत्तर खोटे नाही, अपुरेही नाही. तरी वडील त्या एका शब्दाकडे पाहत राहतात. मुलगा रागावला तर नाही ना? आजारी तर नाही ना? त्याऐवजी त्याने लिहिले असते, 'मिळाले, बाबा. जेवलो. आईला नमस्कार सांगा. तुमचा, बाळू', तर किती वेळ मोडला असता? क्षणभर. पण त्या रात्री घरी दोन माणसांस सुखाची झोप लागली असती.

पाहुण्यास दारापर्यंत पोहोचविल्यावाचून आपण घरात वळत नाही. पत्राचा शेवट हा तसाच शब्दांनी दिलेला निरोप आहे. तो मोठा नसावा, खोटा नसावा. पण नात्यास साजेल असा अवश्य असावा.

स्वाध्याय
१. 'शिक्कामोर्तब' हा शब्द कसा रूढ झाला?
२. 'नम्रता राहिली, दास्य गेले' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. आजी, वर्गमित्र व ग्रामसेवक यांना लिहावयाच्या पत्रांचे योग्य शेवट लिहा.