बीदरचा राजरस्ता : साधनपरीक्षेचा एक पाठ

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांच्या कथेमुळें बीदरचें नांव महाराष्ट्रांत घरोघर परिचित आहे. आमच्या धाराशिव जिल्ह्यांत तर परांड्याचा किल्ला बीदरचा वजीर महमूद गवान यानें बांधविला, अशी परंपरा सांगतात. परंपरा, कागद आणि शिला हीं साधनें एकमेकांशीं कशीं ताडून पाहावींत, हें बीदरच्या एकाच रस्त्यावर शिकतां येतें. म्हणून तेरखेडा-वाशी भागांतील अभ्यासकांनीं तो अवश्य पाहावा.

पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धांत अहमदशहा वलीनें गुलबर्ग्याहून राजधानी येथें आणिली. जुन्या नगराचे मुख्य रस्ते मिळतात तेथें चौबारा हा ७१ फूट उंचीचा वाटोळा बुरूज आहे. गवानाच्याच काळीं येथें राहिलेल्या अफानासी निकितिन या रशियन व्यापाऱ्यानें घोडे व रेशमी वस्त्रें यांच्या व्यापाराची नोंद केली असून, स्वतःचा घोडाही येथेंच विकला. जस्त-तांब्याच्या काळ्या भांड्यांवर चांदी बसविणारे बिदरी कारागीर आजही या पेठेंत आहेत.

चौबाऱ्यावरून किल्ल्याकडे वळलें कीं गवानाचा मदरसा लागतो. इमारत तीन मजली; शिल्लक मिनार १३१ फूट. हिच्या कालाविषयीं कुराणांतील एक वाक्यांश योजिलेला असून, त्याच्या अक्षरमूल्यांची बेरीज ८७६ हिजरी, म्हणजे इ. स. १४७१-७२ येते. आपल्याकडील भूतसंख्येनें शक सांगण्याच्या पद्धतीशीं हिचें साम्य उघड आहे. इ. स. १६९६ मध्यें दारूच्या स्फोटानें दर्शनी भागाचा मोठा अंश व दुसरा मिनार नष्ट झाला. येथील प्रसिद्ध ग्रंथसंग्रह आज नाहीं. भिंतीवरील रंगीत फरशांचीं अक्षरें मात्र अंशतः उरलीं आहेत.

पुढें तख्त-ए-किरमाणी ही शाह खलीलुल्लाह यांच्या नांवाशीं जोडलेली कमान, आणि अखेरीस किल्ला. पेठ, विद्या, पीर आणि राजा अशीं चारही स्थानें एका रस्त्यावर येतात.

गवानाचा अंत इ. स. १४८१ मध्यें एका बनावट पत्रानें झाला. शिक्का खरा, मजकूर खोटा! कागदाचें मोल केवळ मोहरेवरून ठरविणाऱ्या संग्राहकांनीं हें ध्यानांत ठेवावें. आणि ज्या फरशा अद्याप वाचतां येतात, त्यांचे ठसे व छायाचित्रें विनाविलंब घ्यावींत, अशी आमची विनंती आहे.