कमाई किती, आणि गाठीला काय?

दवाखान्याचा असो की तहसीलचा, कोणत्याही फॉर्मवर एक रकाना असतोच: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न. आपल्या वस्तीत या रकान्यात सगळ्यांचा आकडा जवळपास सारखाच भरलेला असतो. तरी एका घरातलं लेकरू न्यूमोनियातून उठून पंधरा दिवसांत अंगणवाडीत खेळायला लागतं आणि शेजारच्या घरातलं दोन महिने छाती भरलेली घेऊन फिरतं. एका घरची बाई पन्नाशीत धडधाकट, दुसऱ्या घरची पस्तिशीतच कंबर धरून बसलेली. आकडा सारखा असताना हा फरक कुठून येतो?

यासाठी दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्या लागतात. एक कमाई, म्हणजे हातात येणारा पैसा. दुसरी पुंजी, म्हणजे कमाई थांबली तरी घरात उरतं ते: जमिनीचा तुकडा, स्वतःच्या नावावरचं पक्कं घर, दोन शेळ्या, बचत गटातली रक्कम, पोरीचं बारावीचं सर्टिफिकेटसुद्धा. कमाईवर रोजचं पोट चालतं. आजारपणात घर तरतं ते पुंजीवर.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या बाया घरोघर येतात तेव्हा महिन्याची कमाई विचारून घराची ऐपत ठरवत नाहीत. त्या विचारतात, भिंती कशाच्या, पाणी कुठून आणता, संडास आहे का, चूल की गॅस, पलंग, पंखा, मोबाईल, जनावरं किती. त्यावरून कुटुंबांचे पाच थर पाडतात. पाचव्या सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या सर्वांत खालच्या थरातली पाच वर्षांखालची शंभरातली ४६ लेकरं वयाच्या मानाने खुजी निघाली. सर्वांत वरच्या थरात २३. म्हणजे घरातल्या वस्तूंची यादी पाहून लेकराच्या उंचीचा अंदाज बांधता येतो. पलंगाने कुणाची उंची वाढत नाही. पण ज्या घरात या गोष्टी आहेत तिथे स्वच्छ पाणी आहे, धूर कमी आहे, आणि जुलाब लागले तर ओआरएसचं पाकीट आणायला उसनवारी करावी लागत नाही.

आता आपल्या भागाचं पाहू. तेलगावला साखर कारखाना जवळच असूनही माजलगाव, धारूर, वडवणी, परळीकडची हजारो कुटुंबं अशोक विजयादशमी झाली की पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला निघतात. बौद्ध, मातंग, वंजारी, बंजारा, सगळ्या समाजांचे कोयते त्यात असतात. निघण्याआधी मुकादम उचल देतो. लाखभर रुपये एकरकमी हातात पडले की वाटतं, कमाई झाली. खरं म्हणजे ते कर्ज असतं, आणि ते अजून न तोडलेल्या उसावर घेतलेलं असतं.

हिशोब करून पाहा. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला. नवरा-बायकोचा एक कोयता दिवसाला साधारण दोन टन तोडतो असं धरलं तर दोघांचे मिळून ७३२ रुपये. एक लाखाची उचल फेडायला १३७ दिवस लागतात, तेही एकही खाडा न करता. पाऊस कमी झाला, ऊस कमी पडला, तर हंगाम साडेतीन महिन्यांतच आटोपतो. वर आठवड्याची खर्ची मुकादमाकडूनच घेतलेली, ती वेगळी. खाडा झाला तर त्या दिवसाची मजुरी जातेच, वर पाचशे ते हजार रुपये कापले जातात. हंगाम संपून घरी येताना अंगावर बाकी निघते आणि पुढच्या वर्षीचा मुकादम आत्ताच ठरून जातो.

आरोग्याच्या पानावर हा हिशोब अशासाठी मांडला, की आजार इथूनच सुरू होतो. ज्याच्या एका दिवसाच्या विश्रांतीची किंमत दोन दिवसांची मजुरी आहे, तो ताप आला तरी फडावर जाणार. सातव्या महिन्यातली बाई डोक्यावर मोळी घेऊन गाडीच्या फळीवर चढणार. कापलेल्या बोटाला चिंधी बांधून काम पुढे. धनुर्वाताचं इंजेक्शन जवळच्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, पण तिथे जायला अर्धा दिवस लागतो आणि तो अर्धा दिवस फुकट नाही. आजार साधा असतो तेव्हा औषध घेतलं जात नाही, आणि घेतलं जातं तेव्हा तो साधा उरलेला नसतो. गरिबाच्या घरी दवाखान्याचा खर्च मोठा का होतो, याचं उत्तर बरंचसं या अर्ध्या दिवसात आहे.

याचंच सर्वांत कडू रूप म्हणजे पिशवी काढणं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्याचं नाव यावरून देशभर गाजलं. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा बायांमागे एक. देशात १५ ते ४९ वयाच्या बायांमध्ये हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे.

आपल्या जिल्ह्यातल्या बायांच्या पिशवीतच काही दोष असतो का? नाही. फडावर आडोसा नाही, संडास नाही, धुवायला पाणी नाही. पाळीत तोच कपडा दिवसभर. त्यातून जंतुसंसर्ग होतो, अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं. बहुतेक वेळा हे गोळ्यांनी बरं होणारं दुखणं आहे, आणि नवरा-बायको दोघांनी गोळ्या पूर्ण घ्यायच्या असतात. पण बाईकडे चार वेळा तपासायला जाण्याइतके दिवस नसतात. मग कुणीतरी सांगतं, पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल, काढून टाका, पाळीचा खाडाही वाचेल. पैसे मुकादमाकडून मिळतात. उचल वाढते. ती फेडायला टाके वाळायच्या आत बाई परत फडावर.

आम्ही नर्सिंगच्या कामात अशा बाया पुष्कळ पाहिल्या. तिशीत ऑपरेशन झालेलं, अंगातून वाफा, रात्रीची झोप नाही, गुडघे आणि पाठ धरलेली. कारण बऱ्याचदा पिशवीबरोबर अंडाशयही काढलेलं असतं आणि बाईला ते सांगितलेलंही नसतं. अंडाशय गेलं की शरीर एकदम म्हाताऱ्या बाईसारखं वागू लागतं, हाडं ठिसूळ होतात. पूर्वीइतकी तोडणी झेपत नाही. म्हणजे कमाई वाढावी म्हणून केलेल्या ऑपरेशनने कमावण्याची ताकदच कमी केली. गाठीला दुसरी पुंजी नव्हती, तेव्हा अंगातली मोडली.

म्हणून बायांनो, पिशवी काढा असं कुणी सांगितलं तर थांबा. सोनोग्राफीचा कागद मागा. पिशवीच्या तोंडाची तपासणी झाली का ते विचारा. मोठ्या गाठी, गोळ्यांनी न थांबणारा रक्तस्राव, कॅन्सर, अशी खरी कारणं असतात आणि तेव्हा ऑपरेशन करायलाच हवं. पण दुसऱ्या डॉक्टरचं मत अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात घ्या. २०१९ नंतर बीड जिल्ह्यात खासगी दवाखान्याला हे ऑपरेशन करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावली गेली. ती घेतली का, हे विचारायला लाजू नका. आणि अंडाशय ठेवणार की काढणार, हे सही करायच्या आधी विचारा.

पैसा कुणाच्या हातात येतो, यावरही तब्येत ठरते. कोयता दोघांचा, पण उचल बहुधा एकट्या नवऱ्याच्या हातात पडते. अंडी, डाळ, लेकराचं औषध हा खर्च बाई आधी करते, हे वस्तीत कुणालाही विचारा. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायांच्या अंगात रक्त कमी आहे. त्याचं कारण नुसती गरिबी नाही, ताटात शेवटी बसणं हेही आहे. दारूबद्दल या मासिकात पुष्कळ लिहून झालं आहे, इथे परत नको.

भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखं सांगितली, त्यांतलं एक अनणसुख आहे, म्हणजे कुणाचं काही देणं नसण्याचं सुख. वंदनेला बसताना आपण ते ऐकतो, पण दवाखान्याच्या भाषेतही ते तितकंच खरं आहे. कर्जदार माणसाला झोप नीट लागत नाही. रक्तदाबाची गोळी चालू असून आकडा खाली का येत नाही, याचं कारण कधी कधी फायनान्सच्या हप्त्याच्या दिवशी दारात उभ्या असलेल्या माणसात सापडतं.

आपल्या वस्तीत पुंजी मुळात कमी का, हेही सांगायला हवं. कष्ट कमी पडले म्हणून नव्हे. ज्यांच्या नावावर पिढ्यान्‌पिढ्या जमीनच नव्हती, त्यांच्याकडे पोरांना द्यायला काय असणार? १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी तुरुंग भरले ते याच मागणीसाठी. मराठवाड्यात १४ एप्रिल १९९० पूर्वीपासून कसलेल्या गायरानांचे दावे अजून किती घरांत कागदांच्या पिशवीत पडून आहेत! आम्हाला विचाराल तर हा आरोग्याचा प्रश्न आहे. एक एकर गायरान नावावर झालं की त्या घरची एक उचल कमी होते.

दादासाहेबांच्याच नावाची सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे. दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन, २०१८ पासून शंभर टक्के अनुदानावर. विधवा आणि परित्यक्ता बायांना प्राधान्य. अडचण ही की सरकारी दराने जमीन विकायला कुणी पुढे येत नाही. तरी अर्ज बीडच्या समाजकल्याण कार्यालयात देऊन पोच घ्यावी. घरासाठी रमाई आवास योजना आहे. फडावर जाणाऱ्यांच्या लेकरांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहं आहेत. लेकरू शाळेत राहिलं तर पुढच्या पिढीचा एक कोयता कमी होतो.

आजारपणात पुंजी मोडू नये म्हणून काही कागद मात्र निघायच्या आधी तयार हवेत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कोणत्याही रंगाच्या रेशन कार्डावर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतो, योजनेतल्या दवाखान्यात आणि दाखल झाल्यावर. ते कार्ड बिल भरतं, खाडा भरत नाही, म्हणून छोट्या दुखण्याला सरकारी दवाखाना गाठावा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि औषध फुकट आहे. बँकेत वर्षाला २० रुपये भरून दोन लाखांचा अपघात विमा मिळतो. फडावरच्या अपघातांचा विचार करता तो दोघांच्याही नावाने वेगवेगळा काढावा. उचलीची रक्कम, खर्ची आणि खाडे बाईने स्वतःच्या वहीत लिहावेत. लिहिता येत नसेल तर शिकणाऱ्या पोरीकडून लिहून घ्यावेत.

आणि रेशन. कार्डावरचं धान्य आता दुसऱ्या जिल्ह्यात किंवा कर्नाटकातही आधार आणि अंगठा लावून उचलता येतं, त्यामुळे खर्चीतून दुकानदाराकडे जाणारा पैसा वाचतो. पण नव्या सुनेचं आणि लहान लेकरांची नावं कार्डावर नसतात, मग त्यांच्या वाटणीचं धान्यही नाही आणि दवाखान्यात योजनाही अडते. नावं लावायचं काम माजलगावच्या तहसीलला पोळ्याच्या आत करून घ्या. दसऱ्याला तिथे गर्दी असते आणि तोवर गाड्या भरायला लागलेल्या असतात.