करंजीचा हात, मोरोक्कोचं सारण

फराळाचं ताट मांडलं की करंजी, चिरोटे, अनारसे, शंकरपाळे ही नावं ओघानंच येतात. मैदा, तूप, साखर आणि सुकामेवा यांवर आपल्याइतकाच जीव लावणाऱ्या बाया आफ्रिकेच्या वायव्य टोकाला, मोरोक्कोतही आहेत. ईद, लग्न, बारसं जवळ आलं की तिथली घरं दालचिनीनं आणि कडू संत्र्याच्या फुलांच्या अर्कानं दरवळतात. ते पदार्थ पुलगावशेजारच्या आपल्या नाचणगावात करता येतील का? नक्की येतील. ज्या हाताला करंजी वळते, त्याला इथे फार थोडं नवं शिकावं लागतं.

त्यांच्या ताटातला पहिला मान 'काब अल गझाल'चा. पाव किलो बदाम उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवून सोलायचे आणि फडक्यावर कोरडे करायचे. सव्वाशे ग्रॅम पिठीसाखर घालून ते मिक्सरमधून थांबत थांबत वाटायचे. सलग फिरवले तर तेल सुटतं. चमचाभर तूप, चिमूटभर दालचिनी आणि फुलांचा अर्क घालून गोळा मळला की सारण तयार. पारीसाठी 200 ग्रॅम मैदा, तीन चमचे तुपाचं मोहन, किंचित मीठ, अर्क आणि पाणी. पीठ अर्धा तास झाकून ठेवायचं आणि पोळपाट दिसेल इतकी पातळ पारी लाटायची. बोटाएवढी सारणाची वळकटी ठेवून पारी दुमडायची, कातण्यानं कापायची आणि चंद्रकोरीसारखा बाक द्यायचा. सुईनं चार-पाच ठिकाणी टोचायला विसरू नये. वाफेला वाट मिळाली नाही तर कड उकलते. 180 अंशांवर बारा-पंधरा मिनिटं भाजून रंग चढायच्या आत बाहेर काढायची. करंजी तळून खुसखुशीत होते. इथे पारी कागदासारखी पातळ आणि सारण मऊ, ओलसर राहतं.

'घ्रीबा' म्हणजे त्यांची नानकटाई. वर भेगा पडल्या तरच ती जमली. 'फक्कास' दोनदा भाजतात, आपल्या टोस्टसारखे. घरात भट्टी नसली तर तिथल्या बाया ताटं भरून गल्लीतल्या सार्वजनिक भट्टीवर पाठवतात. आपल्याकडेही साहित्याचा डबा बेकरीत नेऊन दिवाळीची नानकटाई करून आणतातच. भाजलेल्या गोडाची चव वर्धेकरांना नवी नाही. गाईच्या तुपातला गोरसपाक ही तर वर्ध्याची ओळख आहे.

तळणीत 'शेबाकिया' श्रेष्ठ. भाजलेल्या तिळाची पूड, बडीशेप, दालचिनी आणि केशर घालून पीठ मळतात. लाटलेल्या चौकोनाला समांतर चिरा देऊन पट्ट्या एकमेकींतून ओवून फूल करतात, तळतात आणि गरम असतानाच मधात बुडवतात. पाकातल्या चिरोट्याचंच हे तंत्र, फक्त पाकाच्या जागी मध. रमजानात 'हरीरा' या सूपबरोबर हे मानानं वाढतात. 'ब्रिवात' ही बदामाची त्रिकोणी पुडी 'वरका' नावाच्या पापुद्र्यात बांधतात. वरका करताना सैल, चिकट पिठाचा गोळा तापलेल्या भांड्यावर टेकवत टेकवत पापुद्रा उतरवतात. मडक्यावर लांब रोटी टाकणाऱ्या नागपूरकडच्या बायांना हे कसब सांगायला नकोच. 'सेल्लू' बाळंतिणीला देतात: तांबूस भाजलेलं पीठ, तीळ, बदाम, तूप, मध. आपल्या डिंकाच्या लाडवामागेही हाच विचार आहे.

हे साम्य केवळ योगायोगाचं नाही. उसाच्या रसापासून दाणेदार साखर करण्याची विद्या भारतात रुजली आणि इराण, अरब मुलखातून पश्चिमेला गेली. सोळाव्या शतकात मोरोक्कोच्या सादी सुलतानांचे साखर कारखाने भरभराटीला आले होते. अहमद अल-मन्सूरनं (1578–1603) मराकेशच्या बादी महालासाठी इटलीचा संगमरवर साखरेच्या बदल्यात आणवल्याचं सांगतात. स्पेनमधून परागंदा झालेल्या मुस्लिम आणि ज्यू कुटुंबांनी आपली पाककलाही सोबत आणली.

आता सामानाचं. बदाम महाग वाटले तर निम्मे शेंगदाणे घ्या. मोरोक्कोतही स्वस्तातली मिठाई शेंगदाण्याचीच असते. चारोळीही चालेल. फुलांचा अर्क मिळाला नाही तर गुलाबजल घ्या, तेही त्यांच्या स्वयंपाकघरातलंच. आर्वी-कारंजाच्या संत्र्याचं वरचं केशरी साल किसून घातलं तर सुगंध अर्काचा येणार नाही, पण आपल्या मातीचा येईल. पांढरा भाग मात्र घेऊ नका, सारण कडू होतं. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात मीठ पसरून, वर जाळी ठेवून, झाकण लावून मंद आचेवर भाजा.

विकतच्या डब्यांनी घरचा फराळ मागे सरतो आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं. हाताचं कसब वापरात राहिलं तरच टिकतं, आणि नवा पदार्थ त्याला नवा हुरूप देतो. म्हणून यंदा करंज्यांसाठी पोळपाट मांडाल तेव्हा पाव किलो बदाम जास्तीचे भिजवा, घरातल्या मुलामुलींना सोबत बसवा आणि शेजारी फराळाचं ताट पाठवताना त्यात दोन काब अल गझालही ठेवा.