नवे मैदान, जुना प्रेक्षक

एखादा संघ आपले जुने मैदान सोडून नव्या मैदानावर खेळू लागतो, तेव्हा खेळाडूंच्या दृष्टीने फारसे काही बदलत नाही. फुटबॉलचा गोल तेवढाच रुंद असतो आणि क्रिकेटची खेळपट्टी बावीस यार्डांचीच राहते. बदलते ते प्रेक्षकाचे जग. त्याची पायाखालची वाट बदलते, मैदानाकडे पाहण्याचा कोन बदलतो आणि वर्षानुवर्षे शेजारी बसणारा माणूस कोठे तरी दूर फेकला जातो.

लंडनच्या आर्सेनल या फुटबॉल संघाने ९३ वर्षे वापरलेले हायबरी मैदान २००६ साली सोडले. नवे स्टेडियम एक किलोमीटरही दूर नव्हते, आणि जुन्या मैदानात सुमारे ३८,००० प्रेक्षक मावत, तेथे नव्यात ६०,००० मावू लागले. तरीही आपण परक्याच्या घरी आल्यासारखे वाटते, अशी तक्रार जुने चाहते करीत राहिले. यावरून असे दिसते की, प्रश्न केवळ अंतराचा किंवा सोयीचा नसतो. नव्या वास्तूत आपले स्थान कोणते, हे प्रेक्षकाला कळावे लागते.

आपल्याकडे हा प्रश्न फुटबॉलपेक्षा क्रिकेटमध्ये, आणि त्यातही मुंबईत, अधिक स्पष्टपणे पाहावयास मिळतो. या शहराच्या मोठ्या क्रिकेटने चार दशकांत तीन मैदाने पाहिली. ही तिन्ही मैदाने एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

पहिले मैदान बॉम्बे जिमखान्याचे. डिसेंबर १९३३ मध्ये भारतभूमीवरील पहिला कसोटी सामना येथेच झाला आणि लाला अमरनाथ यांनी पदार्पणातच ११८ धावा काढल्या. त्या दिवशी ज्या प्रेक्षकांनी अमरनाथांना डोक्यावर घेतले, त्यांपैकी कोणाही भारतीयाला त्या जिमखान्याचे सदस्य होता येत नव्हते; ते केवळ युरोपियनांसाठी राखून ठेवलेले होते. मैदानावर प्रेक्षक होता तो पाहुणा म्हणून.

डिसेंबर १९३७ मध्ये समुद्रात भर घालून मिळविलेल्या जमिनीवर क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे ब्रेबॉर्न स्टेडियम उभे राहिले. आता भारतीयांना स्वतःचे, पक्के मैदान मिळाले असे वाटले. परंतु पहिल्याच हंगामात वाद उद्भवला. पंचरंगी सामन्यांत आपल्या वाट्याला आलेल्या आसनांची संख्या मान्य नसल्याने हिंदू संघाने त्या वर्षी स्पर्धेतून अंग काढून घेतले. वास्तू नवी होती, भांडण मात्र खुर्चीचे होते.

कालांतराने प्रेक्षकांनी ब्रेबॉर्नला आपलेसे केले. फेब्रुवारी १९४९ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध ३६१ धावांचे लक्ष्य समोर असताना भारताचा डाव ८ बाद ३५५ वर थांबला, आणि विजय सहा धावांनी हुकला. अशा आठवणींतूनच मैदान प्रेक्षकाचे होत जाते. तथापि मालकीचा प्रश्न सुटलेला नव्हता. मैदान क्लबचे होते, तर शहरातील क्रिकेटचा कारभार मुंबई क्रिकेट असोसिएशनकडे होता. आपल्या संलग्न क्लबांसाठी असोसिएशन अधिक तिकिटे मागे आणि क्लब ती देण्यास नकार देई. अखेर राजकारणी आणि क्रीडा-संघटक शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने असोसिएशनने एक किलोमीटरहूनही कमी अंतरावर, चर्चगेटच्या रेल्वेमार्गालगत, सुमारे तेरा महिन्यांत स्वतःचे स्टेडियम बांधले.

जानेवारी १९७५ मधील तेथील पहिल्या कसोटीत नव्या वास्तूचा आणि जुन्या प्रेक्षकाचा परिचय सुखाचा झाला नाही. वेस्ट इंडिजचा कर्णधार क्लाइव्ह लॉइड याने द्विशतक पूर्ण करताच एक तरुण त्याचे अभिनंदन करण्यासाठी मैदानात धावला. पोलिसांनी त्याला मारहाण केली. त्यावर प्रेक्षक खवळले, जाळपोळ झाली आणि खेळ थांबवावा लागला. त्याच सामन्यात एकनाथ सोलकर यांनी १०२ धावा काढल्या. त्यांचे वडील जवळच्याच हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखीत. वानखेडेवरील भारतीयाचे पहिले कसोटी शतक मैदान राखणाऱ्याच्या मुलाचे ठरले, याचा आनंद सामान्य प्रेक्षकाला विशेष वाटला असल्यास नवल नाही.

पुढे हेही मैदान घरचे झाले. १९८५ साली रवी शास्त्री यांनी बडोद्याविरुद्ध एका षटकात सहा षटकार मारले. १९९१ च्या रणजी अंतिम सामन्यात हरियाणाकडून दोन धावांनी हार पत्करावी लागली, तेव्हा दिलीप वेंगसरकर नाबाद राहूनही रडले. २०१३ साली सचिन तेंडुलकर यांनी याच मैदानावर निरोप घेतला. उत्तरेकडील स्टँडमधील गजर हा तर एक स्वतंत्र खेळच बनला.

वाट, कोन आणि शेजार यांची सवय माणसाला काही हंगामांत होते, हे मुंबईच्या अनुभवावरून दिसते. जी गोष्ट काळ आपोआप दुरुस्त करीत नाही, ती म्हणजे आसनांची वाटणी. २०११ च्या विश्वचषकासाठी वानखेडेची पुनर्रचना झाली. आसने अधिक सुखकर झाली, छत आले. परंतु पूर्वी सुमारे ४५,००० असलेली प्रेक्षकसंख्या ३३,००० च्या आसपास आली. अंतिम सामन्याच्या वेळी संलग्न क्लब, क्रिकेट संस्था आणि प्रायोजक यांचे वाटे दिल्यावर सामान्य जनतेसाठी जेमतेम ४,००० तिकिटे उरली. तिकिटांच्या वाटणीवरून जे मैदान बांधले गेले, त्याच मैदानाच्या दाराशी तिकीट न मिळालेला माणूस पुन्हा उभा राहिला. फरक इतकाच की, पूर्वी तो क्लबाच्या दाराशी उभा होता, आता असोसिएशनच्या.

म्हणून एखादा संघ नव्या मैदानाची घोषणा करतो, तेव्हा सुजाण चाहत्याने छताची उंची आणि दिव्यांचा प्रकाश यांची चौकशी अवश्य करावी. पण त्याआधी स्वस्त आसने किती, ती कोठे आणि ती कोण वाटणार, हे विचारावे. जुन्या मैदानाची ओढ कालांतराने शमते. दार बंद असेल, तर मात्र नवे मैदान घर होण्याची संधीच मिळत नाही.