बालशिक्षणातील परसबाग

बालशिक्षणातील परसबाग म्हणजे साधारणतः तीन ते आठ वर्षे वयाच्या मुलांनी मोठ्यांच्या सोबतीने घर, अंगणवाडी किंवा शाळेच्या आवारात केलेली भाजीपाला व फुलझाडांची लहान लागवड आणि त्या निमित्ताने होणारे निसर्गनिरीक्षण होय. अशा बागेत उत्पन्नापेक्षा बी रुजण्यापासून पुन्हा बी धरेपर्यंतचे संपूर्ण चक्र मुलाने पाहणे महत्त्वाचे मानले जाते. मराठवाड्यातील जालना जिल्ह्यासारख्या अवर्षणप्रवण भागात हे चक्र पूर्ण होणे मुख्यतः पाण्याच्या नियोजनावर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीडरिख फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये सुरू केलेल्या बालशिक्षण संस्थेस १८४० मध्ये ‘किंडरगार्टन’ म्हणजेच ‘मुलांची बाग’ हे नाव दिले. त्यांच्या कल्पनेत प्रत्येक मुलाचा स्वतंत्र वाफा आणि सर्वांचे सामायिक वाफे होते. महाराष्ट्रात ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. अनुताई वाघ (१९१०–१९९२) या त्यांच्या सहकारी होत्या. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाड येथे गेले. महागड्या साधनांऐवजी पाने, बिया, खडे व शिंपले यांचा शैक्षणिक साधने म्हणून वापर आणि गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी चराईच्या ठिकाणीच भरणारी ‘कुरणशाळा’ ही त्या कार्याची वैशिष्ट्ये होत.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे अंगणवाड्यांचे जाळे देशभर पसरले. केंद्र शासनाने २०१९ मध्ये शालेय परसबागांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. आवारात पिकलेली भाजी विद्यार्थ्यांच्या माध्यान्ह भोजनात वापरली जाणे त्यांत अपेक्षित आहे.

जालना जिल्ह्यातील हंगाम

जालना जिल्ह्यात वर्षाला सरासरी ६५० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या काळात येतो. १९७२ आणि २०१२-१३ च्या दुष्काळांची तीव्र झळ या भागास बसली. शाळा जूनमध्ये सुरू होत असल्याने पहिली पेरणी पावसाबरोबर करता येते. भेंडी, गवार, चवळी व दोडका ही पावसाळ्यात, तर मेथी, पालक, मुळा व कोथिंबीर ही हिवाळ्यात घेण्याजोगी पिके आहेत. मेथी व हरभरा तीन ते पाच दिवसांत उगवतात. लहान मुलांना फार काळ वाट पाहावी लागत नाही, म्हणून आरंभासाठी ही पिके सोयीची ठरतात. मुळा साधारणतः ३० ते ४५ दिवसांत काढणीस येतो. काही रोपे न काढता फुलावर येऊ दिल्यास त्यांपासून पुढील वर्षाचे बी मिळते.

उन्हाळी सुटीत शाळेच्या बागेस पाणी घालणारे कोणी नसते. त्यामुळे वाफे मार्चअखेर मोकळे करून शेवगा, कढीपत्ता यांसारखी बहुवर्षायू झाडेच राखणे व्यवहार्य ठरते.

पाणी

घरोघरी मोरीच्या पाण्यावर केळी, अळू व कर्दळ लावण्याची जुनी रीत आहे. शाळेत भाज्या व तांदूळ धुतलेले, साबणविरहित पाणी वाफ्यांना देता येते. अभाजलेले नव्हे, तर भाजलेले परंतु झिलई नसलेले मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरल्यास ते हळूहळू मुळांपर्यंत झिरपते. पालापाचोळ्याच्या आच्छादनाने बाष्पीभवन घटते. मडक्यातील पाणी किती दिवसांत उतरले हे मोजताना मुलांना मोजमापाचा आणि पाण्याच्या मोलाचा एकाच वेळी परिचय होतो.

निसर्गनिरीक्षण

पहिल्या पावसानंतर काही दिवस जमिनीवर दिसणारा लाल, मखमली मृगाचा किडा मुलांच्या विशेष कुतूहलाचा विषय असतो. त्याला आठ पाय असल्याने तो कीटक नसून कोळ्यांच्या नात्यातील अष्टपाद जीव आहे, हे पाय मोजून मुलांना स्वतःच शोधता येते.

जालना जिल्हा मोसंबीसाठी प्रसिद्ध आहे. लिंबू फुलपाखरू मोसंबी, लिंबू व कढीपत्ता यांच्या कोवळ्या पानांवर अंडी घालते. त्याची लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते व पुढे हिरवी होते. उष्ण हवेत सुमारे महिनाभरात तिचे फुलपाखरू बनते. बागायतदाराच्या दृष्टीने ही अळी रोपांची कीड आहे. एकच जीव कोणाला हानिकारक तर कोणाला सुंदर वाटतो, ही गुंतागुंत मुलांना परसातील एका कढीपत्त्यावर समजू शकते.

सुरक्षितता

जालना हे बियाणे उद्योगाचे महत्त्वाचे केंद्र असून शेतकऱ्यांच्या घरी पेरणीचे बियाणे सहज आढळते. बाजारातील अनेक बियाण्यांवर कीटकनाशक वा बुरशीनाशकाची रंगीत प्रक्रिया केलेली असते. असे बी मुलांच्या हाती देऊ नये. घरी राखलेले किंवा प्रक्रिया न केलेले बीच वापरावे. फवारणीची औषधे, त्यांचे रिकामे डबे आणि धोत्रा, कण्हेर, एरंड यांसारख्या विषारी वनस्पतींपासून मुलांना दूर ठेवावे. दगड किंवा विटा उचलण्यापूर्वी विंचवाची शक्यता लक्षात घेऊन ते काम मोठ्यांनी करावे. मातीत काम झाल्यावर साबणाने हात धुणे जंतसंसर्ग टाळण्यासाठी आवश्यक आहे.