ग्रंथ एक, द्रव्ये दोन

१९५० मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीवर श्रीलंका, नेपाळ, बांगलादेश, मॉरिशस येथील विद्यार्थी भारतात आयुर्वेद शिकून स्वदेशी परततात. चरक-वाग्भटांचे अध्ययन हा या विस्तारलेल्या वैद्यपरिवाराचा समान धागा होय. द्रव्यनामांपाशी मात्र तो तुटतो. उत्तर भारतात रास्ना म्हणजे प्लुचिया लॅन्सिओलाटा, तर केरळात आल्पिनियाचे कंद. देशांतर्गत ही स्थिती, मग समुद्रापार कळविलेल्या महारास्नादि काढ्याच्या पाठाचे काय होणार? म्हणून आम्ही व्यवसायबंधूंना व औषधनिर्मात्यांना सुचवितो की, परदेशस्थ सहाध्यायींशी पत्रव्यवहार करताना प्रत्येक द्रव्यापुढे वनस्पतिशास्त्रीय नाव व प्रयोज्यांग अवश्य लिहावे. त्यायोगे स्नेहबंध तर टिकतीलच, शिवाय रुग्णाच्या हाती अभिप्रेत तेच औषध पडेल.